प्राथमिक शाळेतील मूल आणि समुपदेशन : यवतमाळ जिल्ह्यातील काही अनुभव

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेच्या निमित्ताने शिक्षक, पालक व देणगीदार यांच्यासमोर समुपदेशन विभागाच्या वतीने केलेले भाषण. उदाहरणांतील मुलांची ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत.)



रुग्णालयाच्या अहवालात बहुतेक कामाची नोंद आकड्यांत होते. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती बाळंतपणे सुखरूप पार पडली, हे कोष्टकात मांडता येते. समुपदेशन विभागाचे काम तसे मांडणे कठीण आहे. विश्वस्त मंडळाने या वर्षी आम्हांला कोष्टकाऐवजी बोलण्यासाठी वेळ दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. आजचा विषय प्राथमिक शाळेतील मूल, म्हणजे साधारण सहा ते अकरा वर्षांचे मूल हा आहे. त्याच्या भावनांची आणि इतरांशी जुळणाऱ्या त्याच्या नात्यांची वाढ शाळेत कशी होते, ती अडते तेव्हा कोणी पुढे यावे, आणि आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्षात कोण पुढे येऊ शकते, एवढेच आम्ही मांडणार आहोत.

या विषयाकडे आम्ही शाळेच्या दारातून आलो नाही. आमच्याच बालरोग विभागाच्या दारातून आलो. या वयाच्या मुलांत एक तक्रार वारंवार आढळते, ती म्हणजे पोटदुखी. आई सांगते, सकाळी उठल्याबरोबर दुखते, दप्तर भरताना वाढते, रविवारी मात्र दुखत नाही. जंतांचे औषध दोनदा देऊन झालेले असते. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, सारे निर्दोष येते. 'नाटक करतो' असे वडील म्हणतात आणि मुलाला दामटून शाळेत पाठवतात. वैद्यकशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १,००० शालेय मुलांची पाहणी करून १९५८ साली असे दाखवून दिले की, सुमारे दहापैकी एका मुलाला वारंवार पोटदुखी होते आणि त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत शरीरात कोणताही विकार सापडत नाही. विकार सापडत नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही. लहान मुलाजवळ 'मला भीती वाटते' हे सांगण्याचे शब्द पुरेसे नसतात, तेव्हा त्याचे पोट ते सांगते.

अशा मुलास आमचे डॉक्टर समुपदेशन कक्षात पाठवतात. 'मले शाळेत नाई जाचं' एवढे एकच वाक्य तेथे ऐकू येते, आणि पुढे बराच वेळ काहीच नाही. घाई न करता बसले, रंगीत खडू पुढे ठेवले, तर शाळेचे चित्र निघते. चित्रात कोण कोठे उभे आहे यावरून बोलणे सुरू होते. पुष्कळदा कारण अगदी साधे निघते. दुसरीतील एक मुलगी दिवसभर पाणी पीत नसे आणि दुपारपर्यंत तिच्या पोटात कळा येत. शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती, आणि मोठी मुले दार ढकलत. मुख्याध्यापकांना कळवल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी कडी बसवून घेतली. समुपदेशनाच्या ग्रंथांत कडीचा उल्लेख नसेल, परंतु त्या आठवड्यातील आमचे सर्वांत उपयुक्त काम ते होते, असे आमचे मत आहे. प्रत्येक गोष्टीत मनाची गुंतागुंत शोधत बसण्याचा मोह या व्यवसायात असतो. तो आवरावा लागतो.

येथे 'समुपदेशन' या शब्दाविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. शब्द चांगला आहे, रूढही झाला आहे. पण त्याच्या पोटात 'उपदेश' बसला आहे, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याची अपेक्षा चुकते. पालक मुलाला आमच्यापुढे बसवतात आणि म्हणतात, 'याले काही समजावून सांगा.' मुलाला समजावून सांगणारे घरात, गावात, शाळेत पुष्कळ असतात. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारे माणूस मिळत नाही. प्राथमिक शाळेत समुपदेशकाचे पहिले काम ऐकण्याचे आहे. दुसरे काम, जे ऐकले ते त्याला पेलेल अशा शब्दांत परत देण्याचे : 'तुला राग आला होता. त्याने तुझी पाटी फोडली म्हणून राग आला. रागात तू दगड उचललास.' राग येणे आणि दगड उचलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पहिली चूक नाही आणि दुसरी थांबवता येते, हा भेद मूल या वयातच शिकू शकते. तिसरे काम, त्या मुलाच्या भोवतालच्या मोठ्या माणसांशी बोलण्याचे. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे तिसरे काम बहुधा सर्वांत मोठे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जी दहा जीवनकौशल्ये सांगितली, त्यांत स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे, भावना हाताळणे, ताणाला तोंड देणे, परस्परांशी नाते जोडणे या गोष्टी आहेत. त्यांचे तक्ते पुष्कळ शाळांच्या भिंतींवर आहेत. तक्त्यांना आमचा विरोध नाही. परंतु मूल ही कौशल्ये तक्त्यावरून शिकत नाही. ते ती खिचडीच्या रांगेत, लंगडीच्या डावात, हरल्यानंतरच्या रुसव्यात, बाकावरच्या शेजाऱ्याशी होणाऱ्या भांडणात शिकते किंवा शिकत नाही. मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' हा उपक्रम २००९ साली बीड जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत सुरू झाला व पुढे राज्यभर गेला. मुलांना जोडीने व गटाने बसवून बोलते करणे, नियम त्यांनाच ठरवू देणे, ही त्याची रीत. या सभेतील अनेक शिक्षकांनी ते प्रशिक्षण घेतले आहे. त्यांना आम्ही सांगतो आहोत त्यात नवे थोडेच वाटेल.

आता प्रश्न असा की हे काम करणार कोण. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ या कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली. ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु त्याच कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी जे मनुष्यबळ सांगितले आहे, त्यात प्राथमिक वर्गांसाठी समुपदेशकाचे पद नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये समुपदेशक व सामाजिक कार्यकर्ते यांना शाळांशी, शाळा-संकुलांशी जोडण्याचा विचार आला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी जे निर्देश दिले, त्यांत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असणाऱ्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून कमी विद्यार्थी असणाऱ्या संस्थांनी बाहेरील मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था उभी करावी, असे म्हटले आहे.

या दुसऱ्या वाक्याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. आपल्या जिल्ह्याचे सोळा तालुके डोळ्यांसमोर आणा. यवतमाळ, पुसद, वणी यांसारखी शहरे सोडली, तर झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, केळापूर, महागाव या भागांत कोलामांच्या पोडावर आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावर जी जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिच्यात दोन शिक्षक आणि चार इयत्ता मिळून पंचवीस-तीस मुले, हे नित्याचे चित्र आहे. तेथे समुपदेशक नेमला जाण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. तेथे समुपदेशक म्हणजे वर्गशिक्षकच. आणि 'बाहेरील तज्ज्ञ' म्हणजे कोणी? जिल्ह्याच्या ठिकाणी श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आणि आमच्यासारखी धर्मादाय रुग्णालये आहेत. आमच्या विभागाने स्वतःचे काम त्यानुसार ठरवले आहे. मुलाला तज्ज्ञापर्यंत ओढून आणण्याऐवजी, जो शिक्षक रोज पाच-सहा तास त्याच्याजवळ असतो त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे आम्ही आमचे मुख्य काम मानतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा तिच्यामागील विचार होता. आम्ही त्यांच्या पायरीशी उभे राहण्याइतकेही मोठे नाही, पण वाट तीच धरली आहे.

भाषेचा मुद्दा आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते. ती द्राविडी कुळातील भाषा आहे. तिच्यातून मराठीकडे येणे म्हणजे बोलीतून प्रमाणभाषेकडे येणे नव्हे, ते एका भाषेतून पूर्णपणे दुसऱ्या भाषेत जाणे आहे. तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलते. इतर मुले वऱ्हाडी बोलतात आणि पुस्तक निराळेच बोलते. पहिलीत आलेले मूल महिनोन्महिने तोंड उघडत नाही, आणि त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा मनातल्या मनात पडतो. अशी मुले तपासणीसाठी आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही प्रथम पाहतो ते त्याचे खेळणे. घरी, अंगणात, आपल्या भाषेत ते इतर मुलांशी बोलते का, खेळात डाव आखते का, धाकट्या भावाला सांभाळते का? सांभाळत असेल, तर त्याच्या बुद्धीची चिंता करण्याचे कारण नाही. ते एका परक्या घरात बसले आहे आणि तेथील भाषा ऐकून घेत आहे. एका शाळेतील गुरुजींनी कोलामीतले वीस-पंचवीस शब्द मुलांकडूनच शिकून वहीत लिहून ठेवले : भूक, भीती, आई, दुखते, ये, बस. गुरुजींचे उच्चार ऐकून मुले हसली, आणि हसता हसता बोलू लागली. मुलाला शिक्षकाची चूक दुरुस्त करण्याचा मान मिळणे, ही त्याच्या आत्मविश्वासाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. चौथीतील मुलीला दुभाषी म्हणून बसवण्याची सोय पुष्कळ शाळांत आहे. ती चांगली आहे, पण एका मर्यादेपर्यंत. घरातील मारहाण, वडिलांची दारू, अंगाला झालेला नकोसा स्पर्श, या गोष्टी दुसऱ्या मुलाच्या तोंडून वदवून घेऊ नयेत.

आणि आता त्या विषयाकडे वळतो, ज्याच्याशिवाय या जिल्ह्यातील मुलांविषयी बोलणे प्रामाणिक होणार नाही.

यवतमाळचे नाव देशभर ज्या कारणाने पोहोचले, ते आपण सारे जाणतो. कापसाच्या या जिल्ह्यात गेल्या दोन दशकांहून अधिक काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हजारो घरे उघडी पडली. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. कर्ज, पाऊस, भाव, बियाणे यांवर समित्या बसल्या, अहवाल निघाले. त्या घरातील सात वर्षांचे मूल तेराव्यानंतर शाळेत परत आले, तेव्हा त्याच्याशी कोण काय बोलले, हे मात्र कोणत्याही अहवालात आलेले आमच्या पाहण्यात नाही.

बहुधा कोणीच काही बोलत नाही. शिक्षकांना त्याची दया येते, म्हणून ते विषय टाळतात. घरी सांगितलेले असते की बाबा देवाघरी गेले, किंवा गावाला गेले. मरणाविषयी मुलांची समज वयानुसार कशी बदलते, याचा एक जुना अभ्यास मारिया नॉज या संशोधिकेने बुडापेस्ट येथील ३७८ मुलांशी बोलून केला व तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आतील मुलांना मरण म्हणजे दूर जाणे वाटते, गेलेले माणूस परत येईल असे वाटते. ते कायमचे व अटळ आहे ही जाण पुढे हळूहळू येते. नंतरच्या संशोधनाने ही जाण थोडी आधीच येते असे दाखवले आहे, पण क्रम बहुतांशी तोच राहिला. 'गावाला गेले' असे ज्याला सांगितले, ते मूल वाट पाहत राहते, आणि वाट पाहून झाल्यावर सांगणाऱ्यावरचा त्याचा विश्वास जातो. त्याहून अवघड गोष्ट अशी की या वयाचे मूल जगातील घटनांचे कारण स्वतःत शोधते. मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, मी खोटे बोललो म्हणून गाय मेली. हा विचार ते कोणाला सांगत नाही.

तिसरीतील एका मुलाचे उदाहरण सांगतो. वडिलांनी आत्महत्या केली, ती पोळ्याच्या सुमारास. मुलगा पंधरा दिवसांनी शाळेत आला. रडत नव्हता, त्रास देत नव्हता, गृहपाठ करत होता. सर्वांना वाटले, मूल लहान आहे, विसरले. वर्गशिक्षिका बाईंच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली : तो काहीच मागेनासा झाला होता. पेन्सिल मोडली तर तशीच धरून बसे. खिचडी दुसऱ्यांदा घेत नसे. पाणी पिण्यासाठी जायचे असले तरी विचारत नसे. बाईंनी आम्हांला कळवले. आम्ही गेलो, पण त्याच्याशी आम्ही बोलावे की बाईंनी, यावर आमचा व बाईंचा बराच विचार झाला. त्याच्या लेखी आम्ही जीपमधून आलेली दवाखान्याची माणसे होतो. बाईंना तो पहिलीपासून ओळखत होता. तेव्हा बोलायचे बाईंनीच, असे ठरले. कसे बोलावे, काय टाळावे, मध्येच रडू आले तर काय करावे, एवढी तयारी आम्ही बाईंसोबत केली.

काही दिवसांनी ते बाहेर आले. तान्ह्या पोळ्याला आपल्या लाकडी बैलासाठी त्याने वडिलांजवळ नवी चाके मागितली होती आणि हट्ट केला होता. वडील म्हणाले होते, 'पैसे नाहीत रे.' दोन दिवसांनी वडील गेले. पैसे नसताना आपण मागितले, असे त्या आठ वर्षांच्या मुलाने मनात धरले होते, आणि पुन्हा कोणाकडे काही मागायचे नाही असे ठरवले होते. बाईंनी त्याला सांगितले, ते शब्द आम्ही येथे मुद्दाम सांगतो, कारण असे प्रसंग या सभेतील अनेक शिक्षकांवर येतील : 'तुझ्या बाबांचे मन फार आजारी झाले होते. शरीर आजारी पडते तसे मनही पडते. तू चाके मागितलीस म्हणून ते गेले नाहीत. सगळी मुले मागतात. तुझी चूक नाही.' हे एकदा सांगून भागले नाही. तो पुन्हा पुन्हा विचारी, बाई पुन्हा पुन्हा सांगत. दिवाळीच्या सुटीनंतर एके दिवशी त्याने बाईंकडे खडू मागितला. बाईंनी संध्याकाळी आम्हांला दूरध्वनी करून एवढेच कळवले.

या प्रसंगातील प्रत्येक गोष्ट त्या बाईंनी केली. आमच्याकडे ज्ञान होते, त्यांच्याकडे तो मुलगा होता.

शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे आणखी थोडे. मृत्यू कसा झाला याचे तपशील मुलांसमोर चघळू नयेत. 'आता तू घरातला कर्ता पुरुष' असे नऊ वर्षांच्या मुलाला म्हणू नये. हे वाक्य आपल्याकडे सांत्वन म्हणून बोलले जाते, पण ते त्याच्या खांद्यावर नांगर ठेवण्यासारखे आहे. वर्गातील इतर मुलांना, तो शाळेत परत येण्यापूर्वीच, साध्या शब्दांत सांगून ठेवावे, म्हणजे प्रश्नांचा भडिमार होत नाही. त्याला खेळायला घ्यावे. मूल दुःखात असतानाही खेळते, मध्येच हसते, आणि ते हसणे पाहून मोठ्यांनी त्याला दोष देऊ नये.

देणगीदार बंधूंना एक विनंती आहे, आणि ती स्पष्ट शब्दांत करण्याची मुभा असावी. शासकीय मदतीसाठी वडिलांचे प्रकरण 'पात्र' की 'अपात्र', ही चर्चा या मुलांनी ओट्यावर बसून ऐकलेली असते. आपला बाप मेला तो नियमात बसला की नाही, असा अर्थ मूल त्यातून काढते. त्यानंतर मदतीचे कार्यक्रम येतात. व्यासपीठावर नाव पुकारले जाते : 'आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याचा पाल्य.' मूल पुढे येते, वह्या घेते, छायाचित्र निघते, वर्तमानपत्रात छापून येते. वह्या देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो याविषयी आम्हांला शंका नाही. पण दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्या मुलाचे नाव तेच होते. आपल्या रुग्णालयाने यासाठी एक नियम केला आहे. वह्या, दप्तरे, गणवेश यांची मदत शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत संपूर्ण वर्गाला जाते, आणि कोणत्याही मुलाचे छायाचित्र अहवालात छापले जात नाही. या नियमामुळे काही देणग्या कमी झाल्या, हेही आपणांस सांगणे आमचे कर्तव्य आहे. नियम बदलावा, असे आम्हांला वाटत नाही.

मुलाच्या मागे त्याची आई असते. पतीच्या मृत्यूनंतर, किंवा पती जिवंत असून दारूत बुडालेला असताना, घर आणि शेत ओढणारी स्त्री स्वतः नैराश्यात असेल, तर मुलाशी शाळेत कितीही बोलले तरी ते अपुरे पडते. राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प आणला, त्यात आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन अशा व्यक्ती ओळखाव्यात अशी योजना होती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या मदतीने, नैराश्य असणाऱ्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत गेले, असा त्याचा अहवाल २०१७ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ थोडे असताना गावातील माणूस शिकवून उभा केला तर काय होऊ शकते, याचा हा पुरावा आपल्या वऱ्हाडातलाच आहे. म्हणून शाळेच्या भेटीच्या दिवशी आम्ही आशाताईंना व अंगणवाडी सेविकांनाही बोलावतो.

शिक्षकांच्या अडचणी आम्हांला ठाऊक नाहीत असे नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, माहिती भरायची, निवडणुकीचे काम करायचे, त्यात हे आणखी कोठे बसवायचे, असा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो, आणि तो रास्त आहे. आम्ही नवीन तास मागत नाही. हजेरी घेताना प्रत्येक मुलाकडे एकदा पाहणे, सकाळी परिपाठानंतर पाच मिनिटे गोल बसून 'आज कसे वाटते' हे बोलू देणे, एवढ्यावर आम्ही सुरुवात करतो. कोविडच्या काळात मार्च २०२० पासून पहिली ते चौथीचे ग्रामीण वर्ग १ डिसेंबर २०२१ पर्यंत बंद होते. पावणेदोन वर्षांनी परत आलेली मुले अक्षरे विसरली होती हे सर्वांनी मोजले. ती रांगेत उभे राहणे, वाटून खाणे, हरणे हेही विसरली होती, ते गोल बसणाऱ्या शिक्षकांनीच प्रथम ओळखले.

जागेची अडचण खरी आहे. दोन खोल्यांच्या शाळेत मुलाशी खाजगी कोठे बोलावे? आमचे उत्तर, ओसरीवर किंवा निंबाच्या झाडाखाली. जेथे सर्वांना दिसेल, पण ऐकू जाणार नाही. बंद खोलीत मुलाशी एकट्याने बोलू नये. आणि 'तू सांगशील ते मी कोणालाच सांगणार नाही' असे वचन मुलाला देऊ नये. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शिक्षकावर आहे, समुपदेशकावर आहे, रुग्णालयावर आहे. 'तुला जपण्यासाठी ज्यांना सांगावे लागेल, त्यांनाच सांगेन' एवढे म्हणावे, आणि तसेच वागावे.

काही मुलांना समुपदेशन पुरत नाही, हेही ओळखता आले पाहिजे. दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ न जेवणारे, न झोपणारे, स्वतःला इजा करणारे, मरणाची भाषा करणारे मूल तात्काळ मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले पाहिजे. मूल लहान आहे म्हणून असे बोलणे थट्टेवारी नेऊ नये. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची वाट न पाहता १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही बोलता येते. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक मुख्याध्यापकांच्या टेबलावर नव्हे, वर्गाच्या भिंतीवर, मुलाच्या उंचीला लिहावेत.

पुढील वर्षाच्या योजनेविषयी दोन शब्द सांगून थांबतो. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरच्या पहिल्या महिन्यात केंद्रनिहाय शिक्षक मेळावे घेण्याचा आमचा विचार आहे. केंद्रप्रमुखांनी तारखा कळवाव्यात. पोळा ते दिवाळी हा काळ या जिल्ह्यातील घरांना सर्वांत जड जातो. फवारणी, पिकाची धास्ती, सावकाराचा तगादा, सारे त्याच दिवसांत येते. त्या दोन महिन्यांत दुर्गम शाळांच्या भेटी वाढवायच्या आहेत. त्यासाठी आणखी एका समुपदेशकाची, शक्य तर कोलामी किंवा गोरमाटी जाणणाऱ्या समुपदेशकाची, आणि जीपच्या डिझेलची तरतूद लागेल. त्याचे अंदाजपत्रक विश्वस्त मंडळापुढे ठेवले आहे. ज्या शिक्षकांना आजच एखाद्या मुलाविषयी बोलायचे असेल, त्यांच्यासाठी सभा संपल्यावर आम्ही समुपदेशन कक्षात थांबलो आहोत.